चॉकलेट मिल्क, व्हाया गोरेगाव

‘गोरेगाव? ईस्ट की वेस्ट?’

पुण्यात आल्यापासून गेली सहा वर्षं मी हा प्रश्न झेलतेय. माझं गोरेगाव ईस्टला नाही आणि वेस्टलाही नाही. ते हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. तिथं लोकल नाही, मॉल नाही, फिल्मसिटी तर नाहीच नाही. हळद आहे, सोयाबीन आहे आणि म्हशी आहेत. या वेळच्या स्टोरीसाठी त्या म्हशीच कामाला आल्या.

झालं असं, की एडिटरनं फर्मान काढलं, ‘समर इश्यूला काहीतरी कूल दे. बाजारातली चॉकलेट मिल्क टेस्ट कर आणि लिही.’ कामाचा आनंद होतोच. दूध प्यायचे पैसे कोणाला मिळतात बॉस? पण माझं तिकीट आधीच बुक होतं. शनिवारी रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी हिंगोली, तिथून एसटी. मग विचार केला, टेस्टिंग कोथरूडच्या फ्लॅटवर चार जर्नालिस्ट मित्रांना बसवून कशाला करायचं? त्यातले तिघं कॉफी सोडून दुसरं काही पीत नाहीत. चार-पाच प्रकारचे खोके, एक काचेची बाटली आणि कोकोचा डबा सॅकमध्ये कोंबला आणि निघाले.

खरं तर दुधाच्या बाबतीत मान त्या दुसऱ्या गोरेगावचा. मुंबईच्या गोरेगावातल्या आरे कॉलनीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ साली झालं. दारा खुरोडी या माणसानं शहरभर विखुरलेले म्हशींचे गोठे उचलून तिकडे नेले. पुढे १९६३ मध्ये त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईकरांना फ्लेवर्ड मिल्कची चटक लावली ती याच आरेच्या ‘एनर्जी’नं. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर काचेची गार बाटली, उभ्याउभ्या रिकामी करायची आणि बाटली परत देऊन पळत लोकल पकडायची. तुमच्या मुंबईकर बॉसला विचारून बघा, डोळे कसे चमकतात ते!

आता ती जागा खोक्यांनी घेतलीय. ऑफिसच्या खालच्या दुकानातला फ्रिज आठवा. कोल्ड्रिंक नको, चहा चार वेळा झाला, लंच मीटिंगमध्ये गेलं. मग आपण चॉकलेट मिल्कचा खोका उचलतो आणि मनाला सांगतो, दूधच आहे की! सकाळी नऊच्या कॅबमध्ये तर कित्येकांचा तोच ब्रेकफास्ट. म्हणून हे टेस्टिंग मजेमजेत केलं तरी प्रश्न सीरियस होता. या खोक्यात दूध किती लागतं जिभेला?

माय, टिकल्या दे

माझं पॅनेल असं : माय, दादा, वहिनी, सातवीतला भाचा आणि शेजारच्या काकू. काकू बोलावल्या नव्हत्या, पण गोरेगावात बोलवावं लागत नाही.

सॅक रिकामी झाल्यावर मायनं कपाळाला हात लावला. ‘काय करायलीस बाई हे? घरात दूध असताना दूध इकत आणलंस? येवढं कामून?’

स्टीलचे सहा पेले घेतले. कुठल्या पेल्यात काय ते फक्त मला माहीत. नंबर टाकायला मार्कर नव्हता, म्हणून मायच्या टिकल्यांचं पाकीट मागितलं. पहिल्या पेल्याला एक टिकली, दुसऱ्याला दोन, असं सहापर्यंत. मोठमोठे वाइन टेस्टर दोन घोटांच्या मध्ये क्रॅकर खातात म्हणे. आम्ही मुरमुरे खाल्ले.

पहिल्या चार पेल्यांत विकतचा माल होता. एक मल्टिनॅशनल ब्रँडचं टेट्रापॅक, अमूलचं कूल कोको, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाची काचेची बाटली आणि एक ‘थिक शेक’. पाचव्या पेल्यात आमच्या म्हशीच्या दुधात बोर्नव्हिटा. सहाव्यात त्याच म्हशीच्या दुधात साधा, बिनसाखरेचा कोको, वरून बेताची साखर. सगळे गार केलेले.

एक टिकलीचा पेला भाच्यानं एका दमात संपवला आणि रिझल्ट डिक्लेअर केला, ‘आत्या, हाच फर्स्ट!’ गोड, व्हॅनिलाचा घमघमाट, एकदम चॉकलेट आइस्क्रीम वितळल्यासारखं. वहिनीला दोन टिकल्या आवडल्या, कारण ‘थोडं कडवट आहे, पिल्यावर तहान लागत नाही’. वहिनीला मी नंतर सांगितलं, की हे सुरतच्या कोल्ड कोकोचं लांबचं नातेवाईक. सुरतेत कोल्ड कोको म्हणजे कोको, दूध आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर किंवा कस्टर्ड पावडर. उन्हाळ्यात रात्री जेवणानंतर लोक गाड्या काढून ते प्यायला जातात. थिक शेकवर फार लिहीत नाही. दादा म्हणाला, ‘ही खीर आहे, वाटीत दे,’ आणि त्यानं ती आवडीनं संपवली.

माय मात्र पहिल्या पेल्यापाशीच अडली होती. एक घोट घेतला, पेला उजेडात धरून तिरका केला, आतल्या बाजूनं दूध खाली कसं ओघळतं ते पाहिलं. ‘साय कुटं गेली ह्याची?’

मी खोका उलटा करून वाचला. डबल टोन्ड मिल्क. म्हणजे फॅट दीड टक्का. आमच्या म्हशीचं दूध संकलन केंद्रावर सात फॅटच्या आसपास लागतं. मायला लेबल वाचता येतं, पण वाचायची गरज नव्हती.

तिसऱ्या पेल्याला ती म्हणाली, ‘हे तळाला लागलंय.’ काकूंनी पण चाखलं. ‘व्हय, बासुंदी करताना इसरल्यासारखं.’ आणि इथं मी मासकॉमची डिग्री बाजूला ठेवून दोघींना सलाम केला. कारण काचेच्या बाटलीतलं दूध ‘स्टरिलाइज्ड’ असतं. बाटली भरून सील करतात आणि मग सीलबंद बाटलीलाच ११०-१२० अंशांत पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्त शिजवतात. इतक्या वेळात दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी रिअॅक्ट होतात, दूध किंचित तपकिरी होतं आणि त्याला खरपूस, आटीव चव येते. चॉकलेटच्या रंगात तो तपकिरीपणा दिसत नाही, केशरात फार खटकत नाही. मला स्वतःला ही चव जाम आवडते. आरेच्या बाटलीच्या आठवणीनं हळवे होणारे लोक बहुधा याच खरपूसपणाला मिस करत असावेत.

टेट्रापॅकचा फंडा वेगळा. तिथं दूध १३५ अंशांच्या वर फक्त काही सेकंद तापवतात, लगेच गार करून निर्जंतुक खोक्यात भरतात. कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर असलेला हा खोका बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आपल्या चाकणला आहे. या खोक्याला फ्रिज लागत नाही. म्हणूनच तर आमच्या गावच्या किराणा दुकानात, शाम्पूच्या पुड्यांच्या शेजारी, भर मे महिन्यात चॉकलेट मिल्क टांगलेलं दिसतं.

गाळ का बसत नाही?

भाच्याचा प्रश्न. घरी कोको घातलेलं दूध पाच मिनिटं ठेवलं की तळाशी गाळ बसतो, मग सहा महिने पडलेल्या खोक्यात का नाही?

सॉलिड प्रश्न आहे. कोको दुधात विरघळतच नाही, त्याचे कण नुसते तरंगतात. ते खाली बसू नयेत म्हणून खोक्यात बहुतेक वेळा कॅराजीनन असतं. लेबलवर ४०७ नंबर दिसला की समजा. ते समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. दुधातल्या प्रथिनांशी मिळून ते एक नाजूक जाळं विणतं आणि कोकोचे कण त्यात अडकून राहतात. हेच जाळं पातळ दुधाला अंगही देतं. म्हणजे साय काढून घेतली, तरी जिभेला थोडं दाट लागतं. मायला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हंजी म्हशीचं काम शेवाळ करायलंय.’ मी हे वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

दुधात चॉकलेट घालण्याचं क्रेडिट सर हान्स स्लोन या डॉक्टरला देतात. १६८७ मध्ये तो जमैकाला गेला, तिथं लोक पाण्यात कोको घोटून पीत होते, त्याला ते सोसवेना, मग त्यानं दूध घातलं, अशी ही गोष्ट. जमैकातले लोक त्याच्याआधीच दूध घालत होते, असं इतिहासकार दाखवून देतात. पण नाव विकलं गेलं ते साहेबाचं. एकोणिसाव्या शतकात कॅडबरीनं त्याच्या नावानं चॉकलेट विकलं. १८२८ साली हॉलंडच्या व्हॅन हाउटन कुटुंबानं कोकोतली चरबी दाबून काढायचं यंत्र पेटंट केलं आणि आज डब्यात मिळते ती कोरडी पावडर शक्य झाली. कॅडबरी आपल्याकडे आली १९४८ मध्ये, आणि बोर्नव्हिटाही त्याच साली. ठाण्याचा कॅडबरी जंक्शन हा पत्ता तुम्हाला माहीतच असेल. आपल्या कोल्हापूरकडच्या वारणा दूध संघानंही कॅडबरीसाठी बोर्नव्हिटा बनवलंय.

इथून पाचव्या पेल्याकडे येऊ.

पाच टिकल्या

पाच टिकल्यांचा पेला माझ्या हातात आला आणि वास घेताक्षणी मी दहावीच्या वर्षात. पहाटे साडेचार, कंदील नाही पण लोडशेडिंगचा चार्जिंग लॅम्प, समोर भूमिती आणि बाजूला झाकलेला पेला. बोर्नव्हिटात कोकोपेक्षा माल्ट बोलतं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याची खमंग गोडी. दादानं पण लगेच ओळखलं. टीव्हीवर डेरेक ओब्रायनचा क्विझ कॉन्टेस्ट लागायचा आणि आम्ही दोघं एकाही प्रश्नाचं उत्तर न देता डोळे फाडून बघायचो.

पण त्या वेळी आमच्याकडे डबा यायचा एकच, आणि तो माझा असायचा. दादाची बारावी झालेली होती. दोन म्हशी होत्या. सकाळचं सगळं दूध डेअरीला, संध्याकाळचं रतिबाला. घरात चहापुरतं ठेवलं जायचं, पाहुणे आले तर कोरा चहा. दुधाच्या पगारावर किराणा, ढेप, माझ्या शिकवणीची फी. त्या वर्षी मात्र चरवीतून एक पेला बाजूला निघायला लागला. ‘डोक्याला पाहिजे,’ एवढंच माय म्हणायची.

हे सगळं मी पॅनेलला रंगवून सांगत होते, वहिनी हसत होती, आणि मी मायला विचारलं, ‘तुला आठवते ना ही चव?’

ती पेला हातात घेऊन बसली होती. ‘मला कशी आठवंल? मी कवा पिले?’

तक्रार नव्हती हो. बस कधी येते असं विचारल्यावर सांगावं, तितक्या साधेपणानं म्हणाली. वर्षभर रोज पहाटे तो पेला तिनं ढवळला. गोड झालं का ते बघायला चमचा सुद्धा चाटला नव्हता. आणि मी, प्रश्न विचारणं हा जिचा धंदा आहे, तिनं हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी विषय बदलला. काकू हुशार आहेत.

तर बोर्नव्हिटा. २०२३ मध्ये एका इन्फ्लुएन्सरच्या व्हिडिओवरून त्यातल्या साखरेची देशभर चर्चा झाली. तेव्हा शंभर ग्रॅम पावडरीत वरून घातलेली साखर ३७ ग्रॅमच्या आसपास होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं कंपनीला विचारणा केली, कंपनीनं ती साखर ३२ ग्रॅमच्या आसपास आणली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा. मायला हे सांगावं की नाही, मी थांबले. दादानं सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘दूध तर आपलंच होतं ना?’ विषय संपला.

खोक्यांचं गणितही सोपं आहे. दुधात शंभर मिलीला साडेचार-पाच ग्रॅम साखर मुळातच असते. माझ्याजवळच्या एका खोक्यावर एकूण साखर शंभर मिलीला ११ ग्रॅम लिहिली होती. म्हणजे १८० मिलीच्या त्या छोट्या खोक्यात वरून घातलेली साखर जवळपास ११ ग्रॅम, दोन-अडीच चमचे. कोल्ड्रिंकपेक्षा बरं, पण ब्रेकफास्ट नाही. आणखी एक ट्रिक : लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिला शब्द ‘दूध’ आहे, की ‘पाणी’ आणि मग ‘मिल्क सॉलिड्स’, एवढं बघितलं तरी खूप.

सहा टिकल्या

शेवटचा पेला मायनं तोंडाला लावायच्या आधीच ओळखला. तिरका केला, कडेला चिकटलेली स्निग्ध रेघ पाहिली. ‘ही आपली म्हैस हाय.’ मग प्यायली. तोंड थोडं वाकडं केलं. ‘कडू हाय.’ अजून एक घोट. ‘पण मागून दूध येतंय.’

मला हेच लिहायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. बाकीच्या पेल्यांत चॉकलेट आधी येतं आणि मग गोडी राहते. इथं कोको आधी येतो, तो सरतो, आणि मागून दूध येतं. फॅट कोकोचा कडवटपणा मऊ करतं आणि त्याचा वास तोंडात रेंगाळत ठेवतं. दीड टक्क्यात ते कसं होणार?

करायचं असेल तर असं करा. एका पेल्याला दोन छोटे चमचे बिनसाखरेचा कोको आणि दोन चमचे साखर. आधी कोको गार दुधात टाकू नका, गुठळ्या होतील. दोन-तीन चमचे गरम पाण्यात त्याची पेस्ट करा, मंद आचेवर मिनिटभर शिजवा, कच्चा वास जातो. मग थोडं थोडं दूध. चिमूटभर मीठ घाला, हसू नका, घालाच. रात्री बाटलीत भरून फ्रिजमध्ये, सकाळी हलवून बॅगेत. पुण्यात म्हैस नसेल तर फुल क्रीम दूध, त्यात सहा टक्के फॅट असतं.

मायचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. ‘केवढ्याला हे खोकं?’

‘पस्तीस.’

‘लिटरला?’

‘नाही माय. १८० मिलीला.’

तिला मिलीतलं पटापट येतं, रोजचा हिशेब आहे. लिटरला १९० च्या वर जातं. आम्हाला सात फॅटला मिळतात बावन्न. त्यात ढेप, कडबा, डॉक्टर, आणि पहाटे उठणं फुकट. गाईवाल्यांची अवस्था तर अशी, की २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. म्हशीचं दूध त्यात नव्हतं. दोनातली एक म्हैस दादानं आधीच विकलीय आणि दुसरीचंही अधूनमधून काढतो.

‘आणि ह्या कोकोचं काय? त्याचे तरी मिळतात का पिकवणाऱ्याला?’ दादानं विचारलं. २०२४ च्या डिसेंबरात जगाच्या बाजारात कोको टनाला बारा हजार डॉलरच्या वर गेला होता. पण जगातला बहुतेक कोको पिकतो आयव्हरी कोस्ट आणि घानात, आणि तिथं शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाच्या सुरुवातीला ठरवून टाकतं. बाजार चढला तेव्हा त्यांच्या हातात जुनाच भाव होता. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आपल्यासारखंच की.’ आणि उरलेला थिक शेक ओतून घेतला.

निकाल? भाचा पहिल्यावर ठाम. वहिनी दोनवर. काकूंना पाचवा, कारण ‘खमंग लागतो’. दादा चार, पण आता जरा कमी उत्साहानं. माझं मत सहा, खर्च धरून सतरा-अठरा रुपये पेला. मायनं मत दिलं नाही. पेले विसळायला घेतले, टिकल्या मात्र एकेक काढून परत पाकिटाला चिकटवल्या.

सोमवारी पहाटे मला जाग आली तेव्हा ती धार काढून आली होती. चुलीपाशी उभी राहून कोकोची पेस्ट करत होती, गरम पाण्यात, मी सांगितली तशीच. साखर एकच चमचा. मीठ नाही घातलं. चरवीतून एक पेला ओतून घेतला आणि उभ्याउभ्याच, घाई नसल्यासारखा, प्यायली.

मग आम्ही दोघी संकलन केंद्रावर गेलो. फॅट ६.९ लागली. तिथल्या पोरानं माप बघितलं आणि विचारलं, ‘मावशी, आज दूध कमी कामून?’

‘घरी पिलं,’ माय म्हणाली.